मनोरमेची आई

चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात राहून गणित, सृष्टिशास्त्रे आणि इंग्रजी भाषा यांचा अभ्यास करणारी एक तरुण हिंदी विधवा वाँटेजच्या मठातील आपल्या धर्ममातेस पत्रे लिहिते, आणि श्रद्धा, शास्त्र, तारण अशा गंभीर विषयांनी भरलेल्या त्या पत्रव्यवहारात एकाएकी गोष्ट निघते ती अंड्याची. अंडे घातलेले पक्वान्न आपण खाणार नाही, असे तिने कळविलेले असते. मठवासिनीच्या मते हा पूर्वीच्या जातीचा अभिमान होय आणि ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने तो टाकला पाहिजे. त्यावर हिचे उत्तर मोठे निर्भीड आहे. तुम्ही याला जातीचा पूर्वग्रह म्हणत असाल तर म्हणा, तो माझ्या ठायी अजून आहे हे मला कबूल आहे. परंतु एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत काही काळ राहावयास गेली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस कसलाही उपद्रव होत नसता तिने आपले खाणेपिणे बदलले नाही, तर तेवढ्यावरून तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला रुचेल काय, असा तिचा उलट सवाल आहे.

ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ च्या एप्रिलपासून १८८९ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, त्या स्वदेशाबाहेर होत्या. आणि त्या काळातील त्यांची पत्रे, वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांनी जपून, लावून ठेवलेली, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे शाई पुष्कळ खर्ची पडली आहे, शारदासदनाच्या वादावर त्याहून अधिक. मी तो ग्रंथ हाती घेतला तोही याच वादांचे दाखले शोधण्यासाठी; आणि वाचता वाचता माझे लक्ष दुसरीकडेच खिळून राहिले. पानोपानी एक लहान मूल वावरत होते. त्याचे जेवण, त्याचा पोशाख, त्याची प्रार्थना, त्याची भाषा, त्याला कोणी काय शिकवावे आणि शिकविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या पत्रव्यवहारातील खरा रोजचा मजकूर होता. रमाबाईंच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज मला वाटते याच मजकुरात आहे, धर्मपीठांशी झालेल्या वादांत तितकेसे नाही. म्हणून परदेशी राहिलेली एक आई, एवढ्याच नात्याने त्यांची ती सहा वर्षे येथे मांडावी, असा माझा इरादा आहे.

प्रवास या बाईंना जन्माबरोबरच आला होता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्या जन्मल्या आणि सहा महिन्यांच्या असतानाच, अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले तेव्हा, वेताच्या पेटाऱ्यात निजवून माणसाच्या डोक्यावरून त्यांना डोंगराखाली आणण्यात आले. पुढे उभा हिंदुस्थान त्यांनी पायी तुडविला. या भटकंतीत घर असे नव्हतेच. होती ती आईची पहाट. लक्ष्मीबाई दिवसभराच्या कामांतून मोकळीक मिळत नाही म्हणून उजाडण्यापूर्वीच मुलीला उठवून, मांडीवर घेऊन, तिच्याकडून संस्कृत म्हणवून घेत. झोप डोळ्यांवरून पुरती उतरलेली नसे, तोच श्लोक जिभेवर चढत. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईबापांचा घास घेतला. भाऊ श्रीनिवासशास्त्री १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून, रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा झाली. आणि ती पुरते वर्षाचीही नसताना, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीने बिपिनबाबू वारले. मनोरमा हे नाव मनाला रमविणारी या सरळ अर्थानेच ठेवलेले होते, पण सिद्धांतकौमुदीवर भट्टोजी दीक्षितांचीच प्रौढमनोरमा नावाची टीका आहे हे व्याकरणात वाढलेल्या त्या पंडितेच्या मनात त्या वेळी आलेच नसेल, असे मला म्हणवत नाही.

पुण्यास आल्यावर आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, ही सर्व कामे त्यांनी एका वर्षात केली, आणि ती सर्व कडेवर मूल असताना केली, याकडे चरित्रकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. वैद्यक शिकावयाचे तर विलायतेस जाणे प्राप्त होते. वाटखर्चाची तजवीज त्यांनी 'स्त्रीधर्मनीती'च्या उत्पन्नातून केली. वाँटेजच्या भगिनींच्या घरी राहावयाचे, हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात आपले शिक्षण करून घ्यावयाचे, असा करार ठरला. विधवेने तान्हे मूल घेऊन समुद्र ओलांडावा ही गोष्ट त्या काळच्या पुण्याला किती विपरीत वाटली असेल ते सांगावयास नको. तिची कैफियत रमाबाईंनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या पत्रातून दिली आणि तेच पत्र 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून त्याच साली छापले गेले. २० एप्रिल १८८३ रोजी त्या मुंबईहून निघाल्या तेव्हा मनोरमेला दोन वर्षे पुरी होऊन चार दिवस झाले होते. सोबतीस आनंदीबाई भगत होत्या.

वाँटेज हे तेव्हा बर्कशायर परगण्यातले लहानसे बाजाराचे गाव होते. भोवती खडूच्या उघड्याबोडक्या टेकड्या, चौकात नुकताच, १८७७ साली, उभारलेला आल्फ्रेड राजाचा पुतळा, आगगाडीच्या स्टेशनापासून गावापर्यंत उतारूंना आणणारी ट्रामगाडी, आणि दिवसाचे ठराविक भाग घंटेच्या हुकमाने पाडणारा सेंट मेरीच्या भगिनींचा मठ. या भगिनींची एक शाखा पुण्यात पंचहौद येथे होती, त्यामुळे रमाबाईंना त्या अगदीच परक्या नव्हत्या. परंतु पहिला उन्हाळा सरण्यापूर्वीच त्या घरात मोठा अनर्थ घडला. आनंदीबाई भगत यांचे मन भ्रमिष्ट झाले आणि त्यांनी आत्महत्या केली. परमुलुखात, जिच्याशी आपल्या भाषेत चार शब्द बोलावेत अशी एकुलती एक बाई अशा रीतीने जावी, आणि मागे दोन वर्षांच्या मुलीचे हसणे-जेवणे मात्र रोजच्यासारखे चालू ठेवावे लागावे, हे दुःख कल्पनेनेही सोसवत नाही. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्या घरी राहिल्या होत्या. त्यांना एकट्याने झोपवेना, म्हणून घरातील मोलकरणीला त्यांच्या खोलीत झोपावे लागे, असे मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवले आहे. ऋग्वेदाच्या संपादकाशी संस्कृतात बोलणारी पंडिता रात्री अशी घाबरून जागी राहत असे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. स्वदेशी क्षोभ उसळला, तो सर्वांना ठाऊक आहे. वैद्यकाचा बेतही लवकरच सोडावा लागला, कारण श्रवणशक्ती मंदावत चालली होती आणि ऐकू न येणाऱ्या बाईला तो व्यवसाय करणे शक्य नव्हते. पुढल्या वर्षी त्या चेल्टनहॅमला डोरोथिया बील यांच्या महाविद्यालयात गेल्या. शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील मोठमोठ्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बसून सरस्वती ही पदवी मिळविली, तिने विलायतेत तरुण मुलांपुढे उभे राहू नये, असा त्यांचा अभिप्राय पडला. रमाबाईंनी यावर जे लिहिले त्यात संतापापेक्षा विस्मय अधिक आहे: स्वदेशी मी पुरुषांच्या सभांतून बोलत आले, कोणाच्या शीलाला त्याने धक्का लागला नाही, मग येथे कसला धोका?

मनोरमा काही काळ आईपाशी, पण पुष्कळ काळ वाँटेजला भगिनींच्या देखरेखीखाली राहिली. येथून त्या पत्रव्यवहाराला खरी धार चढते. भगिनी जेराल्डीन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. हा शब्द इंग्रजी पत्रांत तसाच मराठी उच्चाराने येतो आणि दर वेळी मला थांबवितो. आईबाप, भाऊ, नवरा सर्व गमावलेल्या त्या स्त्रीला आपल्या लेकीसाठी जगात एक आजी हवी होती, ती तिने वाँटेजच्या मठात नेमून घेतली. आणि मग सून सासूशी किंवा लेक आईशी जशी भांडते, नाते तुटू न देता आणि एक पाऊलही मागे न घेता, तशी ती या आजीबाईंशी भांडत राहिली. आजीबाईंची मायाही खोटी नव्हती. मुलीची शुश्रूषा त्यांनी केली, तिला लळा लावला, आणि आपण सांगतो ते सर्व तिच्या आत्म्याच्या हितासाठीच आहे असे त्या प्रामाणिकपणे मानीत होत्या. तंटा होता तो प्रेमाविषयी नव्हता, मुखत्यारीविषयी होता.

त्या तंट्याचे मुद्दे बाहेरच्याला क्षुल्लक वाटतील. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत असा मठाचा प्रघात; रमाबाईंचे म्हणणे असे की माझ्या देशबांधवांना जी भाषा कळत नाही आणि मलाही जी येत नाही, तिच्यातील अक्षरे मी छातीवर का मिरवावी, कोरावयाचेच तर संस्कृतात कोरा. मुलीला त्रैक्याचा सिद्धांत पाठ करून घेण्यापूर्वी तो तिच्या बुद्धीला पेलतो की नाही हे पाहणे जरूर आहे, असे त्यांचे मत. मुलांनी आधी मानावे, मग समजावे, असे भगिनींचे. रमाबाई पूर्वीप्रमाणेच साडी नेसत, शाकाहार पाळीत. मनोरमेविषयी तर त्यांचा आग्रह एके ठिकाणी अगदी निःसंदिग्ध शब्दांत उमटला आहे. त्याचा आशय असा, की माझ्या मुलीने आमच्यातलीच एक होऊन आमच्या लोकांवर प्रेम करावे, परकी किंवा वरच्या पायरीवरची होऊन करू नये, आणि आमचे नाव निघताच तिला लाज वाटावी अशी ती वाढू नये. चार वर्षांचे मूल दिवसभर इंग्रजी ऐकते, इंग्रजी गाणी म्हणते, इंग्रज बायकांच्या हातून जेवते. त्याच्या आणि त्याच्या देशाच्या मध्ये दूर चेल्टनहॅममध्ये बसलेली एक आई आणि तिची टपालाने येणारी पत्रे, एवढाच काय तो दुवा उरलेला असतो. परदेशी मूल वाढविणाऱ्या कोणत्याही आईला, मग ती आज कोठेही असो, या आग्रहामागील भय सांगावे लागणार नाही.

आणि तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मुलीवरील आपला अधिकार इतक्या निकराने राखणाऱ्या या आईने तिला आपल्यापासून दूर ठेवण्याचे प्रसंगही आपण होऊन पतकरले. त्यातला सर्वांत मोठा प्रसंग अमेरिकेत आला.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण पाठविले. १८८६ च्या फेब्रुवारीत, अटलांटिक समुद्र अतिशय खवळलेला असताना, रमाबाई मनोरमेला घेऊन लिव्हरपूलहून निघाल्या आणि मार्चच्या आरंभी पोहोचल्या. ११ मार्च रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. या प्रसंगाचे वर्णन पहिली हिंदी स्त्री डॉक्टर या अभिमानाने आपण नेहमी करतो, आणि तो अभिमान सार्थच आहे. पण चौदाव्या वर्षी झालेला आपला मुलगा दहा दिवसांत दगावला, त्या दुःखातून आनंदीबाईंच्या वैद्यकाची प्रेरणा आली होती. त्या सभागृहात जवळजवळ पाच वर्षांच्या मनोरमेकडे पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. वर्ष पुरते होण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास आनंदीबाई क्षयाने गेल्या.

थोड्या महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई जवळजवळ पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या, कारण विधवांसाठी शाळा काढण्याचा मार्ग त्यांना तेथे दिसला. हे काम म्हणजे आज या गावी व्याख्यान, उद्या त्या गावी. आगगाडीत रात्र, अनोळखी यजमानाकडे दिवस. अशा फिरतीत मूल बरोबर नेता येत नव्हते, आणि १८८६ मध्येच त्यांनी मनोरमेला पुन्हा वाँटेजला आजीबाईंकडे रवाना केले. ज्या घराच्या वळणाविषयी एवढे वाद घातले त्याच घरी पाठविले. या निर्णयाचे समर्थन करावयास मी धजत नाही आणि त्याला दोष देण्याचा अधिकारही मला वाटत नाही. एवढे मात्र खरे, की त्यानंतरची त्यांची अमेरिका आपल्याला दोन तऱ्हांनी वाचावयास मिळते: एक १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या मराठी ग्रंथातून, आणि दुसरी मनोरमेला लिहिलेल्या पत्रांतून.

ग्रंथातील रमाबाई राज्यघटना, शाळा, स्त्रियांच्या सभा, मद्यपाननिषेधाची चळवळ यांचा अभ्यासपूर्वक हिशेब देतात. तांबड्या इंडियन लोकांची झालेली दैना आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूक यांवर पांघरूण घालीत नाहीत. टोपीवर खोवण्यासाठी पक्षी मारविणाऱ्या आणि कंबर आवळून घेणाऱ्या स्त्रियांची, त्यांच्याविषयी आदर असूनही, कानउघाडणी करतात. पत्रांतील रमाबाई मात्र सहा-सात वर्षांच्या मुलीशी बोलतात. हॅरिएट टबमन या, स्वतः गुलामगिरीतून निसटून पुढे अनेकांना सोडवून आणणाऱ्या वृद्ध स्त्रीला त्या भेटल्या, ती हकीकत त्यांनी मनोरमेला कळविली आहे. त्या बाईने अस्वलासारखे कवटाळले आणि हात असा हलविला की दुखू लागला, हे मुलीला गंमत वाटेल अशा रीतीने सांगून, तिने आपल्या लोकांसाठी काय केले तेही सांगितले आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही मुलीला त्या काळी अशी गोष्ट आईच्या तोंडून ऐकावयास मिळाली असेल असे मला वाटत नाही. मुलीला दूर ठेवणारी आई तिच्यासाठी जगातून काय वेचून पाठवीत होती, ते या एका पत्रावरून कळते.

त्याच काळात फिलाडेल्फियात त्या फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेत होत्या: रंगीत चेंडू, ठोकळे, कागदाच्या घड्या, गाणी यांतून तीन-चार वर्षांच्या मुलांची बुद्धी कशी उमलवावी, हे त्या इतरांच्या मुलांमध्ये बसून शिकत होत्या, स्वतःचे मूल समुद्रापलीकडे होते. यावर त्यांनी विलाप केलेला नाही. १८८७ साली 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक निघाले, ते मात्र त्यांनी अर्पण केले लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीस, पहाटे मांडीवर घेऊन शिकविणाऱ्या आईस. हिंदू विधवेच्या स्थितीवर अमेरिकेला हलविणाऱ्या त्या पुस्तकाच्या आरंभी हे नाव आहे, आणि आईने शिकविण्याविषयी रमाबाईंची धारणा काय होती याचा त्याहून भक्कम दाखला मला दुसरा माहीत नाही.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याची हमी मिळाली. शाळेत धर्मोपदेशाची सक्ती नसावी, मुलींनी आपापला आचार पाळावा, ही व्यवस्था त्यात होती. सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग या मार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून रमाबाई १ फेब्रुवारी १८८९ रोजी मुंबईस उतरल्या, आणि ११ मार्च रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, चौपाटीवर शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या. सदनात मुलींना आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे सोवळ्याने स्वयंपाक करण्याची, व्रतवैकल्ये पाळण्याची मुभा होती. एका ख्रिस्ती बाईने हे का चालू द्यावे, याचा उलगडा अनेकांना झाला नाही, आणि हा केवळ देणगीदारांशी झालेला करार होता असे काहींनी म्हटले. मला चेल्टनहॅमचे ते अंडे आठवते. ताटात काय असावे हे दुसऱ्याने ठरवू नये, अशी जी सनद त्यांनी स्वतःसाठी मागितली, तीच पुढे त्यांनी विधवा मुलींना दिली.

परंतु शारदासदनाचा वाद उठला त्याचेही मूळ याच मायलेकींच्या खोलीत आहे. सदन पुण्यास आल्यावर रमाबाई सकाळी मनोरमेला घेऊन बायबल वाचीत व प्रार्थना करीत. दार लावीत नसत, आणि हळूहळू काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुणे खवळले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूला झाले, पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. ज्या गावात पंचहौदच्या मिशनमध्ये चहा घेतल्यावरून १८९० साली प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली, तेथे हे दार उघडे राहणे सोपे नव्हते. ते लावले असते तर सदन कदाचित वाचले असते. आपल्या मुलीबरोबरची प्रार्थना लपून करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. आणि उघड्या दाराची ओढ लहान मुलींवर काय होते, याची काळजी करणाऱ्या पालकांचे भय, वाँटेजमधील त्यांच्या स्वतःच्याच भयासारखे होते, हेही नाकारता येत नाही.

मनोरमा पुढे अमेरिकेत शिकून आली, मुंबई विश्वविद्यालयाची पदवीधर झाली, आणि केडगावच्या मुक्तिसदनात आईचा उजवा हात होऊन राहिली. अंध स्त्रियांना बोटांनी वाचावयास शिकविण्याचे काम तिने तेथे केले. आमचे नाव निघताच तिला लाज वाटू नये, हे आईचे मागणे पुरे झाले होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळीस वर्षांची असताना, ती वारली. रमाबाई तिच्यामागे आठ महिने जगल्या. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून, खेड्यातील बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत चालविलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या हाती होते. केडगावच्याच छापखान्यात बायकांनी जुळविलेल्या त्याच्या मुद्रितांवर त्या अखेरपर्यंत काम करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.